काळाचौकीचं तांब्याभर तीर्थ

परीला मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा ताईनं मला एकच बजावलं, "पोरगी पाणी पेत राहिली पाहिजे." परी माझी नऊ वर्षांची भाची. तिला सिकलसेल आहे. अंगातलं पाणी कमी झालं की कोयत्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी अडकतात आणि हाडं इतकी दुखतात, की पोरगी आठवडाभर अंथरूण सोडत नाही. परळच्या डॉक्टरांची वेळ महिनोन्‌महिने थांबून मिळाली होती. ती चुकवून चालणार नव्हतं.

चंद्रपूरपासून मी "पाणी पी!" असा ओरडतच आलो. समोरच्या बर्थवरच्या काकांनी घाबरून दोन बाटल्या संपवल्या.

दादरला उतरलात की सरळ टॅक्सी करा. आजारी पोर आणि बोचकी घेऊन बसच्या नादी लागू नका. आमचा मुक्काम काळाचौकीत, गणपतीच्या देवळामागे. देवळाच्या मंडळानं तिथं परगावच्या आजारी मुलांसाठी दोन खोल्या ठेवल्यात. भाडं नाही, जेवण शेजारच्या चाळीतून येतं. रक्ताचा आजार म्हटल्यावर बीटच येतं: कोशिंबीर, थालीपीठ, खीर. या आजारात बीटनं काही होत नाही, हे मी तीन घरी समजावलं. चौथ्या घरून हलवा आला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. परीनं सकाळीच जाहीर केलं, "मामा, माझा आज निर्जळी उपास हाय. मी पाणी नाही पेत." मी ओरडलो, विनवलं, ताईला फोन लावायची धमकी दिली. दुपारपर्यंत तिचे ओठ सुकले. डॉक्टरांकडे उद्या सकाळी जायचं होतं. शेवटी मी देवळात जाऊन तिथल्या गुरुजींना गाठलं.

गुरुजी मूळचे कणकवलीकडचे. खोलीत येऊन परीसमोर मांडी घालून बसले. "काय गो बाय, तीर्थ तरी घेशील ना?"

"त्यानं उपास नाही मोडत?"

"तीर्थानं कधी मोडतो?"

परी हुशार. "पण ते पळीभरच राह्यते."

"तुमच्याकडे पळीभर. आमच्या काळाचौकीत तांब्याभर."

त्यांनी फिल्टरचं पाणी कोमट केलं, पितळी गणपतीला अभिषेक घातला आणि तांब्या पुढे केला. परी म्हणाली, "तुम्ही बी घ्या." झालं! दर तासाला दोघांचा एकेक तांब्या. संध्याकाळची आरती गुरुजींना दोनदा मध्येच सोडून धावत जावं लागलं. परी हसून हसून लोळली.

"ओरडून पोरं पाणी पीत नाहीत हो," गुरुजी मला नंतर म्हणाले. "सोबत बसून प्यावं लागतं."

सकाळी परी स्वतःच्या पायांनी डॉक्टरांसमोर गेली. नवी गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं तर तिनं तांब्यांत हिशेब दिला.

घरी आल्यावर विचारलं, एवढा कडक उपास करून बाप्पाकडे मागितलंस तरी काय? मला वाटलं होतं, आजार बरा कर म्हणाली असेल.

"आईनं रडू नये," ती म्हणाली, "आन्‌ तू ओरडू नये."

त्या दिवसापासून मी ओरडलेलो नाही. ताईचं अजून जमलेलं नाही.