लाल पाण्याची बरणी

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की आई तिच्या पदराला माहेरच्या मिठागरातले चार खडे बांधते. माझे खडे तर आजोबांच्या वेळचे, देव्हाऱ्यामागच्या मडक्यात पडून राहिलेले. उजेडात धरले की आत अडकलेला पाण्याचा थेंब हलताना दिसे.

सासरचं मिठागर खाडीकाठी. देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. चैत्रात वाफ्यांतलं पाणी लाल झालं. लाल झालं की मीठ धरायला आलं, हे आमच्यात पोरंसोरंही सांगतील. नेमका तेव्हाच मीठ तपासणारा नवा साहेब आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "खाडीची घाण शिरलीय. पाणी सोडून द्या, नाहीतर मीठ पास होणार नाही. महिन्याने येतो."

सोडून द्या म्हणे! महिनोन् महिने उन्हात आटवलेलं पाणी ते. गेलं की वर्षाचं मीठ गेलं, पाऊस काय आमच्यासाठी थांबणार होता?

सासरे फावडं घेऊन बांध फोडायला निघाले. मी आडवी आले.

"मामा, न्हाय फोडायचा. लाली मिठातलीच हाय, खाडीची न्हाय."

"सायबापेक्षा तू जास्ती शिकलीस व्हय?"

"शिकले न्हाय. आईनं सांगितलंय."

"मग सही करायला तुझ्या आईलाच बोलाव." पण फावडं ठेवलं त्यांनी. "म्हयनाभर बघतो. मंग तू जान नि सायेब जाने."

मी खाडीचंच पाणी गाळलं, अगदी खारट होईतो उकळलं, निववून काचेच्या दोन बरण्यांत भरलं. एकीत आजोबांचे खडे टाकले, दुसरीत काही नाही. तोंडं बांधून दोन्ही उन्हात ठेवल्या. शेजारणी विचारायच्या, "लोनचं घातलंस काय गो?" घातलंय म्हणायची मी.

पंधरा दिवस काही नाही. सासरे येता-जाता बरण्यांकडे बघत आणि फावड्याकडेही. मग खड्यांच्या बरणीला गुलाबी झाक आली, महिना भरता भरता ती लाल झाली. दुसरी तशीच, नितळ.

साहेब आला तेव्हा वाफ्यांत पांढरं मीठ धरलं होतं. मी बरण्या पुढ्यात ठेवल्या. "दोन्हींत खाडीचंच पाणी, उकळलेलं. घाण असती तर दोन्ही लाल व्हायला हव्या होत्या."

त्याने लाल बरणी उचलली. "हिच्यात काय टाकलंस?"

"आजोबांचं मीठ. त्यातल्या थेंबात लाली जिती ऱ्हाते."

"एवढ्या जुन्या मिठात काय जगणार, बाई?"

"जगलंय ते तुमच्या हातात हाय, सायेब."

त्याने बरणी खाली ठेवली, वाफ्यातलं मीठ जिभेवर धरलं आणि माझ्याकडे न बघता सही केली.

पुढल्या साली नवा वाफा बांधला. सासऱ्यांनी ती लाल बरणी त्यात नेऊन ओतली. मला विचारलंसुद्धा नाही.