पाण्यापलीकडचा राजा

२००४ साली बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आले, ते एकच प्रश्न घेऊन. कायमचा परत कधी येतोस? फोनवर मी दर दिवाळीला वेळ मारून न्यायचो. समोरासमोर ते जमेना, म्हणून मी त्यांना सारखा कुठे ना कुठे फिरवायला किंवा जेवायला नेत होतो.

तसाच एका शनिवारी शेजाऱ्याकडे नेलं. शेजारी दातांचा निवृत्त डॉक्टर, मूळ घराणं स्कॉटलंडचं. त्याच्या पूर्वजांनी म्हणे समुद्रापार हद्दपार झालेल्या आपल्या राजासाठी इंग्लंडच्या जॉर्ज राजाविरुद्ध बंड केलं आणि सपाटून मार खाल्ला. पुढे त्यांची पोरंबाळं इथे जॉर्जियात, अल्टामाहा नदीच्या काठी येऊन वसली. त्या बंडाच्या आठवणीसाठी हा गृहस्थ वर्षातून एकदा चौकटीचा स्कॉटिश घागरा घालून तशाच घागऱ्यांतल्या भाऊबंदांची पंगत बसवायचा. दिवसभर गाडी हाणून आणलेलं त्या नदीचं पाणी टेबलावर काचेच्या वाडग्यात ठेवलेलं असायचं.

बाबांच्या पुढ्यात ताट आलं. त्यांनी शांतपणे वाडगा ओढला, ताटाभोवती पाणी फिरवलं, भात नव्हता म्हणून उकडलेल्या बटाट्याच्या चित्राहुती घातल्या आणि तळहातावर घेऊन ती गढूळ अल्टामाहा पिऊन टाकली.

सगळे घागरे वळून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शेजाऱ्याचे डोळे भरून आले.

"सर, यू टू?" तो म्हणाला.

त्यांच्यात पाण्यावरून पेला फिरवून 'पाण्यापलीकडच्या राजा'च्या नावाने प्यायची जुनी, चोरटी रीत होती. बाबा त्याला आपल्याच गटातले वाटले. बाबांनी मग कचेरीतल्या इंग्रजीत त्याची उलटतपासणी सुरू केली.

"ज्या जॉर्जशी भांडलात, त्याच्याच पोराच्या नावाच्या या जॉर्जियात राहायला आलात?"

"जमीन मिळत होती," शेजारी ओशाळून म्हणाला.

"आणि तुमचा राजा? आला का परत?"

"एकदा आला होता. थोडे दिवस राहिला आणि पुन्हा निघून गेला."

"मागे राहिले त्यांचं काय?"

"वाट बघत म्हातारे झाले."

बाबांनी मान डोलावली. मग ते उठले, आपला पाण्याचा पेला वाडग्यावर धरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचाही आहे एक. हा काय, इथे बसलाय."

धडाधड खुर्च्या सरकल्या. वीसेक घागरे उभे राहिले आणि माझ्याकडे बघत गरजले, "टू द किंग!" माझ्या तोंडात बटाटा होता. तो गिळावा की रडावं, कळेना. राजाने अशा वेळी काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी नुसता हात हलवला.

बाबा पोटभर जेवले. त्यानंतरचे सगळे महिने मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, पण त्यांनी पुन्हा विचारलंच नाही.