जानोशाची जागा

आमच्या धाकट्या दिरांइतका वाईट धंदेवाला जुन्नर तालुक्यात झाला नाही, आणि तरी आमच्या अख्ख्या आळीला धंद्याला लावलं ते त्यांनीच. भावजी एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले तेव्हा शिट्टी जमा केली, सवयी तेवढ्या घरी आणल्या. चार माणसं जेवायला बसली तरी म्हणायचे, "पुढं सरका, मागच्याला जागा द्या." मागं भिंत असायची. एकदा लेण्याद्रीहून परतणाऱ्या मुंबईच्या एका कुटुंबाची गाडी आमच्या वाडीपाशी बंद पडली. भावजींनी त्यांना घरी आणलं, जेवू घातलं, ओसरीवर अंथरूण टाकून दिलं. सकाळी जाताना त्या माणसानं उशीखाली पैसे ठेवले. ते सापडल्यावर भावजींना एवढा अपमान वाटला की दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि गोठा मागं सारून दोन खोल्या बांधायला काढल्या.

पाटी लागली. शनिवार-रविवार शहरची माणसं यायला लागली. ती यायची शांततेसाठी, आणि भावजींच्या घरात तेवढी एकच गोष्ट मिळत नसे. पाहुणा गाडीतून उतरला की पहिला प्रश्न, "मूळ गाव कोणतं?" मग आडनाव, मग मामाचं गाव, मग बायकोचं माहेर. सगळी नोकरी याच रस्त्यांवर गेलेली, त्यामुळे कुठं ना कुठं नातं लागायचंच, आणि नातं लागलं की भाडं घ्यायची पंचाईत. "साडूच्या भाच्याकडून पैसं घेऊ व्हय?" माझी जाऊ म्हणायची, "मग परक्यांचं बुकिंग घेत जावा." पण परका माणूस त्यांना कधी सापडला नाही. एका जोडप्याला उशिरापर्यंत झोपायचं होतं, त्यांना बाजाराच्या दिवशी उजाडताच उठवून बेल्ह्याला नेलं आणि बैलाचे दात बघायला लावले. ती बाई म्हणाली, "काका, आम्ही आराम करायला आलो होतो." भावजी म्हणाले, "मंग बैल बघायला कष्ट कसलं पडलं?" म्हशीची धार काढायची हौस तर प्रत्येकाला. आमची म्हैस जाऊबाईंशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे, म्हणून भावजी पाहुण्याला जाऊबाईंचं लुगडं नेसवायचे. मुंबईचा एक मिशाळ इंजिनिअर हिरवं लुगडं नेसून गोठ्यात बसला. म्हैस फसली नाही. फोटो मात्र चांगला आला. जाऊबाईंनी ते लुगडं पुन्हा अंगाला लावलं नाही.

भावजींचं बघून आळीतल्या प्रत्येकानं खोली काढली. खोटं कशाला बोलू, घराघरात संडास झाले ते या पाहुण्यांमुळेच. सुनांसाठी कुणी बांधले नव्हते. भाजी दारात विकली जायला लागली. पण शाळेच्या बाई शेजारच्या घरात भाड्यानं राहायच्या, त्यांना खोली सोडावी लागली, कारण त्यांच्या महिन्याच्या भाड्याएवढं एका शनिवार-रविवारात सुटायचं. मग त्या आळेफाट्याहून ये-जा करायच्या, आणि एस.टी. चुकली की पोरं दिवसभर गोट्या खेळायची. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या ओसरीवर टेकावं तर तिथं कुणीतरी बर्म्युडा घालून पाय पसरलेला. भावजींना सगळ्याचं कौतुक. "वयनी, आपली आळी म्हंजी आता लई मोठं श्टँड झालंय!" मी म्हटलं, "श्टँडावर कुणाचं घर नसतं, भावजी." त्यांना ते ऐकूच आलं नाही.

मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा अवसरी बुद्रुकचा, मुहूर्त रविवार सकाळचा. आमच्याकडे नवरदेवाचं वऱ्हाड आदल्या संध्याकाळी हळदीला येतं, आणि आळीतलं प्रत्येक घर आपली पुढची खोली त्यांना उतरायला देतं. त्याला जानोसा म्हणतात. तो मागायचा नसतो. कुणाकडे किती माणसं, एवढंच सांगायचं. मी सांगायला गेले. जिच्या दोन्ही मुलींची वऱ्हाडं माझ्या घरात घोरून गेली होती, ती शेजारीण म्हणाली, "काकू, बुकिंग हाय वो. ॲडव्हान्स घेतलाय." पुढच्या घरीही तेच, समोरच्या घरीही तेच. नवरदेवाची आत्या मागं एका लग्नात उशी मिळाली नाही म्हणून मांडवातून उठून गेलेली बाई होती. नातीला उभा जन्म त्याच घरात काढायचा होता.

मी भावजींना म्हटलं, "हे तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच निस्तरा." त्यांच्याही दोन्ही खोल्या गेलेल्या. म्हणाले, "दिलेली सीट मला काढून घेता येत न्हाई, वयनी. पण गाडी भरली म्हून मी कदी पॅसेंजर खाली ठेवला व्हता का?"

शनिवारी टेंपोतून वऱ्हाड उतरलं. भावजी पुढं, वऱ्हाड मागं. प्रत्येक घराच्या दारात उभं राहून ओरडायचे, "पुढं सरका पावणं, लगीन हाय!" शहरच्या बायका आणि करवल्या एका खोलीत, पुरुष सगळे गच्चीवर. घरमालक धास्तावून बघत होते, पण शहरच्या मंडळींना हे फारच आवडलं. गाव बघायलाच आलेली ती माणसं, त्यांना फुकटात हळद लागली. एकच हाफपँटवाला दारात आडवा उभा राहिला. "मी पूर्ण खोलीचे पैसे भरलेत. कुणीही आत येणार नाही." नेमकी आत्याच बोचकं घेऊन त्याच्यापुढं उभी. तिचं तोंड फुगत चाललेलं मला दिसत होतं.

भावजींनी शांतपणे विचारलं, "मूळ गाव कोणतं, राव?"

"ठाणे."

"त्याच्या आदी?"

"आजोबा अवसरीचे होते म्हणे. त्याचा इथं काय संबंध?"

आत्यानं विचारलं, "आडनाव काय तुजं?" त्यानं सांगितलं. आत्यानं बोचकं खाली ठेवलं. "आरं, तू तर आमच्या भावकीतला!"

भावजी म्हणाले, "मंग तुमी आमचं पावणं न्हाईच. तुमी नवऱ्याकडचं. ही खोली आता जानोसा. व्हा बाजूला, आत्याबाईला आत घ्या."

तो झाला बाजूला. अर्ध्या तासात पुरता वऱ्हाडी बनला. चहा गार आहे म्हणून दोनदा परत पाठवला, हळदीत मानपान नीट होत नाही म्हणून कुरकुरला. आत्याला त्यानं आपली उशी दिली. रविवारी अक्षता पडल्यावर त्याला टॉवेल-टोपी दिली, ती टोपी हाफपँटवर घालूनच तो ठाण्याला गेला.

एवढ्यानं आळी सुधारली असं काही नाही. पुढं घरांवर मजले चढले, लग्नं आळेफाट्याच्या कार्यालयात व्हायला लागली, जानोसा गेला. भावजीही गेले. त्यांच्या मुलांनी खोल्या एका मॅनेजरला चालवायला दिल्या. त्यानं गेट बसवलं. गेटवरचा माणूस मूळ गाव विचारत नाही, गाडीचा नंबर विचारतो.

मागच्या पावसाळ्यानंतर एक गाडी तिथं थांबली आणि गेटवरून परत फिरली. मग माझ्या दाराशी आली. उतरलेल्या माणसाचे केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं, तोच तो हाफपँटवाला. आत शिरायच्या आधीच त्यानं विचारलं, "काका कुठं आहेत?" मी सांगितलं. तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "आजची रात्र इथं राहू का? काय होईल ते देईन."

मी म्हटलं, "तुम्ही नवऱ्याकडचे. तुमच्याकडून पैसे घेतले तर माझ्या नातीला अवसरीत ऐकून घ्यावं लागेल." आणि सतरंजी टाकली. बाहेरच्या खोलीत माझी खाट, धान्याच्या कणग्या आणि शेळीचं करडू. त्याला उभं राहायलाही जागा दिसेना.

मी म्हटलं, "पुढं सरका."