दुसरी रिंग

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, लिफ्टला भिते, बँकेच्या मेसेजलाही भिते. आणि अशी ही बाई गेली चार वर्षं व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते. मोठ्या कंपन्यांच्या गेमची नव्हे. कुणीतरी एकट्यानं घरात बसून केलेल्या छोट्या गेमची. पुण्यातली एक मराठी वेबसाइट ती छापते. टीव्हीला जोडायचा एक कन्सोल, हातात मावणारा एक आणि नवऱ्याचा जुना लॅपटॉप, एवढ्यावर माझं चालतं. कोड्यांचे, उड्या मारायचे, शेतीचे, सगळे गेम खेळते. शेतीच्या एका गेममध्ये पाऊस ठरल्या वारी पडायचा, म्हणून मी गुण कापले होते. बनवणाऱ्यानं एक वर्ष मराठवाड्यात काढून बघावं, असंही वर लिहिलं होतं. लिहिताना मी कुणाला भीत नाही. नियम एकच: गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. त्या नियमाचा मला नको तितका तोरा होता.

आमच्या घरातही एक नियम आहे. नवरा वाळूजला एका कारखान्यात आहे. सिडकोतून मोटरसायकलनं जातो. पोचला की फोन करतो, सुटला की फोन करतो. पण आम्ही तो उचलायचा नाही. एक रिंग, आणि कट. त्या एका रिंगचा अर्थ, सगळं ठीक आहे. पहिल्या पाळीला तो सव्वाचारला घरी येतो आणि मग आम्ही तिघं जेवतो. तो आल्याशिवाय ताटं घ्यायची नाहीत.

ही शिस्त सासूबाईंची. सासरे कामावरून येताना त्याच रस्त्यावर टेम्पोखाली गेले. तेव्हा घरात फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून निरोप आला, तुमचा फोन आहे म्हणून, आणि सासूबाई पिठाच्या हातानं पळत गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी फोन कानाला लावलेला नव्हता. घरात कुणाचाही फोन दुसऱ्यांदा वाजला की त्या हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत बसतात. उचलायचं काम माझं. पार्सलवाल्याला कल्पनाही नसेल की त्याच्या फोननं एका घरातल्या दोन बायका गार पडतात. लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यांची भीती आता माझीही झाली आहे, आणि खरं सांगायचं तर मीच ती जास्त नेटानं सांभाळते.

यंदाच्या मार्चमध्ये संपादकांनी एक गेम उतरवून घ्यायचा कोड पाठवला. सोबत दोन शब्द होते: भीतीचा, छोटा. मी दुपारी पडदे ओढले, कूलर लावला आणि लॅपटॉप उघडला.

गेममध्ये दोन खोल्यांचं घर होतं. शाहाबादी फरशी, स्टीलची मांडणी, खिडकीबाहेर उन्हानं पांढरा झालेला रस्ता. आपण त्या घरातली बाई. कपड्यांच्या घड्या घालायच्या, भात टाकायचा, पाणी भरायचं. एक काम झालं की भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकायचं. कुणी मागून येत नव्हतं, काही पडत नव्हतं. तरी मी लॅपटॉप थोडा लांब सरकवला, कारण ते घर मला माहीत होतं. मग स्टुलावरचा लाल फोन वाजला.

एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. मग वाजतच राहिला. पडद्यावर लिहून आलं: फोन उचला.

मी लॅपटॉप धाडकन मिटला. पाणी प्याले, स्वतःला दोन शिव्या दिल्या, पुन्हा उघडला. फोन वाजत होता. चार दिवसांत मी सहा वेळा त्या फोनपर्यंत गेले आणि सहा वेळा उठून आले. कपड्यांच्या घड्या मात्र अगदी सुरेख घालायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी परीक्षण द्यायचं होतं. मग मी ते केलं, जे केलं म्हणून मी इतरांना नावं ठेवत आले आहे. कुणीतरी हा गेम खेळतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर शोधला. आवाज बंद करून, बोटांच्या फटीतून पाहिला. फोन उचलल्यावर अंधारातून एक विद्रूप चेहरा अंगावर येत होता. बरं झालं, आपण उचलला नाही, असं वाटलं. मग ऐटीत लिहिलं: 'एवढं सुंदर घर उभारून शेवटी तोच बाजारू चेहरा. पाचपैकी दोन.'

परीक्षण छापून आलं त्या संध्याकाळी मला एक मेल आला. गेम बनवणारीचा होता. 'तुमचं परीक्षण वाचलं. तो चेहरा फक्त लोकांना खेळून बघायला दिलेल्या पहिल्या नमुन्यात होता. मी तो आठ महिन्यांपूर्वी काढून टाकला. तुम्हाला पाठवलेल्या गेममध्ये तो नाही. तुम्ही फोन उचलला होता का?' खाली लिहिलं होतं, मीही याच शहरातली आहे.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. ती हे चव्हाट्यावर मांडेल, चार वर्षांत कमावलेलं एका ओळीत जाईल, संपादक पुन्हा तोंड बघणार नाहीत, या धास्तीनं मी तो मेल पुन्हा उघडलाच नाही. क्रांती चौकात भाजी घ्यायला गेले, तर पाठीला सॅक लावलेली प्रत्येक मुलगी मला तीच वाटायची. एकीनं नुसतं वळून पाहिलं आणि मी कोथिंबीर न घेताच रिक्षात बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, जरा माझ्याजवळ बसता का? मला एकटीला भ्या वाटतंय."

त्या मेथीची जुडी घेऊन शेजारी बसल्या. "ह्या डब्याला भितीस व्हय तू?" म्हणाल्या. पडद्यावरची मांडणी बघून म्हणाल्या, "आपलीच दिसती की." मी घड्या घातल्या, भात टाकला. फोन वाजला. दुसरी रिंग झाली तशी त्यांची मेथी थांबली. मला वाटलं, आता त्या भिंतीकडे बघतील. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"कामून उचलंना ती?"

"मी उचलला तरच ती उचलते, आई."

फोन वाजतच होता. मग त्या म्हणाल्या, "उचल."

मी डोळे मिटून बटण दाबलं.

"किती वेळ वाजतोय," एक थकलेला पुरुषाचा आवाज आला. "अगं, बस चुकली माझी. मागच्या बसनं येतो. वाट बघू नका, जेवून घ्या." फोन कट झाला. गेममधल्या बाईनं एक ताट वाढून झाकून ठेवलं. संपलं.

सासूबाईंच्या मांडीवर मेथी तशीच होती. "परत लाव," त्या म्हणाल्या. मी तीनदा लावला.

त्या संध्याकाळी मी तिला लिहिलं, उचलला नव्हता, आज उचलला. गेम न संपवता लिहिलं होतं, असं परीक्षणाच्या डोक्यावर टाकायला लावलं आणि नवं लिहून दिलं. संपादकांनी पुढं दोन महिने मला काही पाठवलं नाही. तिचं उत्तर मात्र आलं: 'आमच्या घरी आलेला फोन वेगळा होता. तो चेहरा म्हणजे तो फोन. आईला गेम खेळायला दिला, तिला फोन उचलवेना. म्हणून बदलला.'

एप्रिलमध्ये एका दुपारी साडेतीनला मी कणीक मळत होते. फ्रिजवरचा माझा फोन वाजला. एक रिंग झाली. मी परातीत हात तसेच धरून कट होण्याची वाट पाहिली. दुसरी रिंग झाली. तिसरी झाली. पडद्यावर नवऱ्याचं नाव दिसत होतं. नाव त्याचं, पण फोन कुणाच्या हातात असेल? मी पुन्हा कणीक मळायला लागले.

सासूबाई उठल्या. फोन हातात घेऊन त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "कुठं दाबायचं?"

मी पिठाच्या बोटानं दाखवलं. त्यांनी तो कानाला लावला. "बोल," म्हणाल्या. मग नुसतंच ऐकत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यावरून मला काहीच कळत नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बरं. सावकाश ये."

फोन त्यांनी फ्रिजवर ठेवला. हात पदराला पुसले.

"गाडीची चेन तुटली म्हनतोय. लई उशीर होईल."

मग त्यांनी मांडणीवरून दोन ताटं काढली.