धूर कुठे जातो

दहिसरच्या आमच्या नव्या इमारतीला पर्यावरणपूरक म्हणून हरित प्रमाणपत्र मिळायचं होतं, त्याच्या तपासणीला एक तपासनीस यायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सिमेंटच्या धुळीने भरलेल्या घरातही चपला दाराबाहेर काढायचे. पिशवीत यंत्रं असायची, पण आधी उदबत्ती पेटवायचे. धूर खिडकीकडे गेला की गवंड्याला हाक मारायचे, "बघ रे, हवा कुठून पळते! झकास."

आमच्या स्वयंपाकघरात मात्र धूर सरळ वर गेला आणि छताखालीच साचला. सासूबाईंना दमा आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"वहिनी, नकाशात इथे खिडकी होती ना?" भिंतीवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, बाकी सगळं ओके आहे. सही करा ना."

त्यांनी पेन खिशात ठेवलं, उदबत्ती माझ्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात खाली लॉबीत प्रमाणपत्र लागलं. सही दुसऱ्याच कुणाची होती.

आता आम्ही तिथेच राहतो. सासूबाई खोकत म्हणतात, "नको गं लावूस ती उदबत्ती." तरी मी रोज एक लावतेच. आज तरी धूर सरकतोय का, बघत उभी राहते.