एकशेवीस शर्ट

मावशी गेली सव्वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते. पोर दारातून आत येत असतानाच ती पुटपुटते, "याचा उजवा खांदा खाली आहे." टेप नंतर लावते. तिच्या कात्रीला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. काकांनी एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती, त्याचे टोमणे त्यांना अजून ऐकावे लागतात.

यंदा तिचं मनगट दुखायला लागलं. त्यातच मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं, "गेल्या वर्षी चार दिवस उशीर झाला. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एकशेवीस शर्ट मिळाले नाहीत, तर पुढचं काम कारखान्याला."

मी तिची इंजिनिअर भाची, गप्प कशी बसणार? मागे लागून तिला कापड कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं एक जुनं मशीन घ्यायला लावलं. तिच्या वहीतली मापं मीच भराभर टाइप केली. पहिल्याच सोमवारी दुपारपर्यंत चाळीस शर्ट कापून तयार! मी हवेत.

मावशीने पहिला शर्ट शिवला आणि समोर धरून झटकला.

"हा कुणाचा गं? पोराचा की त्याच्या बापाचा?"

"वहीत छाती तीस आहे, मावशी. अंगाला सैल बसावा म्हणून प्रोग्राम त्यात चार इंच वाढवतो."

"मग मी काय करते? टेपच्या आत मूठ धरूनच माप घेते ना! वहीत शर्टाचं माप असतं, पोराचं नाही."

मी कपाळाला हात लावला. वहीतला आकडा नक्की कशाचा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"आता तोंड पाडून बसू नकोस. लहान कापले असतेस तर दोघी मेलो असतो. मोठ्यातून लहान निघतो. खडू घे."

मनगटाला पट्टी बांधून तिने दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस शर्ट हाताने कापून मापात आणले. मी खुणा करत होते. काकांनी दारातून विचारलं, "मी काही मदत करू?"

"लांब उभे राहा, तीच मदत."

प्रोग्राममधले ते चार इंच मी काढून टाकले. उरलेल्या ऐंशींपैकी पहिला शर्ट मशीनमधून निघाला, तेव्हा मावशीने तो तीनदा मोजला. दुसरा एकदाच. तिसऱ्यापासून ती सरळ शिवायलाच बसली.

ठरलेल्या शुक्रवारी सकाळी बाईंनी तीन मुलांना शर्ट घालून पाहिले, हात वर करायला लावले, बटणं ओढून बघितली. "पँटसुद्धा तुम्हीच शिवाल का?"

घरी येताच मावशीने कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. "सरक. पँटची मापं मी टाकते."

"मी टाकते ना, पटकन होईल."

"मागच्या वेळी पटकनच झालं होतं. तू चहा टाक." मग एक बोट हवेत धरून ती कितीतरी वेळ कीबोर्डकडे बघत राहिली. "हा पाच कुठे लपवलाय गं यांनी?"