शेवटी येणारं क्रियापद

डचच्या वर्गात माझ्या शेजारी हेलन नावाची इंग्लिश बाई बसते. तिची लेक इथल्या डच माणसाशी लग्न करून इथेच राहिलेली. नातीशी तिच्या भाषेत बोलता यावं म्हणून साठीनंतर हे व्याकरण शिकायला आली आहे. परवा शिक्षिकेने फळ्यावर 'ओमदात' लिहिलं, म्हणजे 'कारण', आणि सांगितलं, की त्याच्यापुढे क्रियापद अगदी शेवटी जातं. हेलनने पेन्सिल खाली ठेवली.

"शेवटपर्यंत थांबायचं? तोवर कळायचं कसं, माणूस काय करतोय ते?"

मला हसू आलं. आम्ही जन्मभर तसंच तर बोलत आलो. साताऱ्याच्या घरात आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "अगं, दुधाखालचा गॅस जरा बारीक..." आणि तिने 'कर' म्हणेपर्यंत माझा हात बटणावर गेलेला असायचा. इथे ऑफिसात इंग्रजी, दुकानात मोडकं डच. दिवसच्या दिवस मराठी कानावर पडत नाही. परक्या फळ्यावर एकाएकी घरचं वळण दिसलं.

मग प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं होतं. "मी दर रविवारी घरी फोन करते," एवढं मला डचमध्ये नीट जमलं. पुढे "ओमदात इक मेइन मूडर", म्हणजे "कारण मला माझ्या आईची", इथवर आले आणि आवाजच फुटेना. सगळे थांबले.

शिक्षिकेला वाटलं, मी क्रियापद विसरले.

"मिस," तिने हळूच सांगितलं. म्हणजे आठवण येते.

मी नुसती मान हलवली.